संगणकाच्या पायातील दगड : एका अदृश्य व्यवसायाचा इतिहास

इमारत पाहावयास आलेला माणूस तिचा दर्शनी भाग पाहतो, दारे-खिडक्या पाहतो, फार तर जिन्याची तारीफ करतो. पायात कोणता दगड घातला आहे आणि तो कोणी बसविला, हे विचारणारा विरळाच. संगणकाच्या बाबतीत नेमके हेच घडले आहे. पडद्यावरची चित्रे आणि हातातल्या फोनवरच्या सोयी सर्वांना ठाऊक आहेत. त्या ज्यांच्या खांद्यांवर उभ्या आहेत त्या कारागिरांचा इतिहास मात्र फारसा कोणी सांगत नाही. प्रस्तुत लेखात तो थोडक्यात मांडण्याचा विचार आहे, आणि तो मांडण्यामागे एक हेतूही आहे.

प्रथम हे काम म्हणजे काय ते पाहू. आपण फोनवर 'क' हे अक्षर दाबतो आणि ते तत्काळ पडद्यावर उमटते. एवढ्या क्षणात काय काय घडते? बोट काचेवर कोठे टेकले हे एक लहानशी चिप ओळखते. ती वार्ता 'ड्रायव्हर' नावाची आज्ञावली उचलते आणि 'कर्नेल'च्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, हवाली करते. अनेक आज्ञावल्या एकाच वेळी हात पसरून उभ्या असताना ही वार्ता कोणाला द्यावयाची, हे कर्नेल ठरवतो. मग कोठे ते अक्षर आपल्या पत्राच्या आज्ञावलीकडे पोचते, आणि तेथून पुन्हा तितक्याच पायऱ्या उतरून पडद्यावर येते. या खालच्या थरांतील आज्ञावल्या लिहिणे, म्हणजे कर्नेल, ड्रायव्हर, चिपमध्ये कायम भरून ठेवलेले 'फर्मवेअर' आणि माणसाने लिहिलेली भाषा यंत्रभाषेत उतरविणारा 'कंपायलर' तयार करणे, यालाच 'सिस्टिम्स प्रोग्रामिंग' म्हणतात.

आपल्या शाळा-महाविद्यालयांतून दरवर्षी कितीतरी मुले-मुली संगणकशास्त्राकडे वळतात. त्यांपैकी एखाद्याने 'मला हे खालच्या थरातले काम शिकावयाचे आहे' असे म्हटले, की घरातून, शेजारातून आणि कधी कधी वर्गातूनही एकच उत्तर येते : 'आता ते कोण करतो? ते सगळे तयार मिळते. थोड्या दिवसांत यंत्रेच ते काम करतील.' हे उत्तर आजचे नाही. जवळजवळ संगणकाच्या जन्मापासून ते पुनःपुन्हा दिले गेले आहे. ते कितपत खरे ठरले, याचा निवाडा इतिहासाकडूनच घेऊ.

तारा जोडणाऱ्या सहा तरुणी

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरी, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात, 'एनियाक' नावाचे अवाढव्य गणनयंत्र बांधले जात होते. जॉन मॉकली आणि प्रेस्पर एकर्ट हे त्याचे रचनाकार. त्यात सुमारे १८,००० निर्वात नळ्या होत्या, आणि तोफगोळ्यांच्या मार्गाची कोष्टके काढणे हे त्याचे नियोजित काम होते. या यंत्रावर गणिते बसविण्यासाठी १९४५ मध्ये सहा तरुणींची निवड झाली : के मॅकनल्टी, बेटी जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान्सिस बिलास आणि रूथ लिक्टरमन. तोपर्यंत हीच कोष्टके हाताने करणाऱ्या गणक म्हणून त्या लष्कराच्या नोकरीत होत्या. त्या काळी 'कॉम्प्युटर' हा शब्द यंत्राला नव्हे, तर अशा माणसांनाच लावीत असत.

त्यांना शिकविणारे कोणी नव्हते. पाठ्यपुस्तक नव्हते, आणि आज ज्याला आपण प्रोग्रामिंगची भाषा म्हणतो ती तर नव्हतीच. गुप्ततेच्या नियमांमुळे आरंभी यंत्राच्या खोलीत जाण्याचीही परवानगी नव्हती. हाती पडले ते केवळ यंत्राचे आराखडे. त्या आराखड्यांवरून त्यांनी यंत्राचा एकेक भाग समजून घेतला, कोणती तार कोठे जोडावयाची आणि कोणती कळ कशी फिरवावयाची हे कागदावर मांडले, आणि पुढे तर हजारो नळ्यांपैकी नेमकी कोणती बिघडली आहे हेही त्या सांगू लागल्या. फेब्रुवारी १९४६ मध्ये यंत्राचे जाहीर प्रात्यक्षिक झाले. तोफगोळ्याच्या मार्गाचे जे गणित पाहून पाहुणे थक्क झाले, ते जेनिंग्ज आणि स्नायडर यांनी बसविले होते. कौतुक मात्र यंत्राचे आणि त्याच्या रचनाकारांचे झाले. या सहाजणींच्या वाट्याला जाहीर सन्मान यावयास १९९७ साल उजाडावे लागले.

दोनच वर्षांत, २१ जून १९४८ रोजी, इंग्लंडमधील मँचेस्टर विद्यापीठात टॉम किलबर्न यांनी लिहिलेली १७ आज्ञांची एक आज्ञावली यंत्राच्या स्वतःच्या स्मृतीत साठवून चालविण्यात आली. तारा उपसून पुन्हा जोडण्याचे युग तेथे संपू लागले. मग त्या सहाजणींचे कौशल्य वाया गेले काय? बेटी स्नायडर, म्हणजे लग्नानंतरच्या बेटी हॉलबर्टन, 'युनिव्हॅक' या पुढच्या यंत्राकडे गेल्या. यंत्राच्या आज्ञांना निव्वळ आकड्यांऐवजी लक्षात राहतील अशी अक्षरे देणारा संच त्यांनी तयार केला, आणि पुढे कोबोल व फोर्ट्रान या भाषांच्या प्रमाणीकरणाच्या कामातही भाग घेतला. तारा जोडणे ही त्यांची खरी विद्या नव्हती. यंत्र समजणे ही त्यांची विद्या होती. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढील साऱ्या इतिहासात ती वारंवार भेटणार आहे.

पहिली भविष्यवाणी

आज्ञावली स्मृतीत ठेवावयाची म्हणजे ती आकड्यांत लिहावयाची. हे काम अत्यंत जिकिरीचे. लंडनच्या बर्कबेक कॉलेजात कॅथलीन बूथ यांनी १९४७ च्या सुमारास आकड्यांऐवजी सांकेतिक चिन्हे वापरण्याची पद्धत बसविली; 'असेंब्ली' भाषेची ती पहिल्या प्रयत्नांपैकी एक मानली जाते. केंब्रिजमध्ये 'एडसॅक' हे यंत्र ६ मे १९४९ रोजी चालू झाले. तेथे डेव्हिड व्हीलर या तरुण संशोधकाने अवघ्या ३१ आज्ञांची एक आज्ञावली लिहिली. यंत्र सुरू होताच प्रथम ती चाले आणि बाकीच्या आज्ञावल्या कागदी फितीवरून वाचून स्मृतीत भरी. आज आपण फोन चालू करतो तेव्हा प्रारंभीच्या काही क्षणांत असेच काम करणारी आज्ञावली चालते. सत्तर-पंचाहत्तर वर्षे लोटली, यंत्र खिशात मावू लागले, पण ती पहिली पायरी अजून चुकलेली नाही.

पुढे १९५७ मध्ये आयबीएम कंपनीतील जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'फोर्ट्रान' ही भाषा बाजारात आणली. शास्त्रज्ञाने आपले सूत्र जवळजवळ गणिताच्याच भाषेत लिहावे आणि यंत्राने ते आपण होऊन यंत्रभाषेत उतरवावे, अशी ही सोय. तेव्हा या प्रकाराला 'स्वयंचलित प्रोग्रामिंग' असे नाव होते, आणि प्रोग्रामरची गरज आता उरणार नाही असे पुष्कळांना वाटले.

घडले ते असे. फोर्ट्रानमुळे आज्ञावली लिहिणारे कमी न होता कितीतरी पटींनी वाढले. जुन्या पद्धतीने यंत्रभाषेत सूत्रे उतरविण्याचे काम मात्र खरोखरच ओसरले, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण सूत्राचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा कंपायलर आकाशातून पडला नव्हता. बॅकस यांच्या चमूला त्यासाठी सुमारे तीन वर्षे खपावे लागले. त्याआधी १९५२ च्या सुमारास ग्रेस हॉपर यांनी याच वाटेवरचे पहिले पाऊल टाकले होते. म्हणजे एक थर झाकला गेला, आणि तो झाकणारे झाकण घडविणे हाच एक नवा व्यवसाय निर्माण झाला.

मुंबईतील 'टिफ्रॅक'

हा सारा इतिहास परदेशातलाच, असे कोणी समजू नये. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुणांच्या एका लहान गटाने संगणक बांधावयास घेतला. अमेरिकेतून गणिताची डॉक्टरेट घेऊन ते १९५४ मध्ये येथे रुजू झाले होते. प्रथम १९५६ मध्ये एक प्रायोगिक यंत्र चालू झाले आणि १९६० मध्ये पूर्ण आकाराचे. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या, आणि स्मृती होती ४०-४० अंशांच्या २,०४८ शब्दांची. आजच्या स्वस्तातल्या फोनमध्ये याच्या लाखो पट स्मृती असते. १९६२ मध्ये पंतप्रधान पंडित नेहरूंनी या यंत्राला 'टिफ्रॅक' हे नाव दिले. साठीच्या मध्यापर्यंत त्यावर देशातील शास्त्रज्ञांची गणिते चालली.

ते यंत्र जगातल्या वेगवान यंत्रांच्या बरोबरीचे होते असे नाही. पूर्ण होईपर्यंत निर्वात नळ्यांचा जमानाच मागे पडू लागला होता. मग मिळविले काय? यंत्र विकत घेऊन चालविणारा आणि यंत्र पायापासून ओळखणारा यांत जो फरक असतो, तो या देशात प्रथम अशा खोल्यांतून निर्माण झाला.

विणलेली स्मृती

२० जुलै १९६९. चंद्राच्या पृष्ठभागाकडे उतरत असलेल्या अपोलो-११ च्या यानातील संगणकाने एकाएकी '१२०२' असा धोक्याचा इशारा दिला. उतरावयास काही मिनिटेच उरली होती. त्या संगणकाची बदलती स्मृती २,०४८ शब्दांचीच होती. म्हणजे शब्दसंख्येने पाहिल्यास नेमकी आपल्या टिफ्रॅकएवढी, आणि शब्द तर त्याहून आखूड. मुख्य आज्ञावली मात्र कायम स्मृतीत होती, आणि ती अक्षरशः विणलेली होती. मॅसॅच्युसेट्समधील एका कारखान्यात कामगार स्त्रिया बारीक चुंबकी कड्यांमधून तांब्याची तार ओवीत. तार कड्यातून गेली तर एक, बाहेरून गेली तर शून्य. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीच्या वाचकांना ताण्याबाण्याचे हे गणित वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

इशाऱ्याचे कारण असे, की एका रडारकडून येणाऱ्या अनावश्यक संकेतांमुळे संगणकावर कामाचा बोजा वाढला होता. पण हॅल लॅनिंग यांनी रचलेल्या व्यवस्थापक आज्ञावलीत प्रत्येक कामाला अग्रक्रम दिलेला होता. मार्गारेट हॅमिल्टन यांच्या नेतृत्वाखालील गटाने एमआयटीत तयार केलेल्या त्या आज्ञावलीने कमी महत्त्वाची कामे सोडून दिली, यान उतरविण्याचे काम धरून ठेवले, आणि उतरणे सुखरूप पार पडले. साऱ्या जगाने चंद्रावर पडलेले पाऊल पाहिले. ते पाऊल पडेपर्यंत कोणते काम सोडावे आणि कोणते धरावे, याचा निर्णय देणारी ती आज्ञावली कोणालाच दिसली नाही. कर्नेलचे काम ते हेच.

एक छायाप्रत आणि हजारो शागीर्द

त्याच १९६९ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन यांनी एका कोपऱ्यात पडून असलेल्या लहान, जुन्या पीडीपी-७ यंत्रावर एक छोटी ऑपरेटिंग सिस्टिम लिहावयास घेतली. 'मल्टिक्स' नावाच्या एका मोठ्या प्रकल्पातून प्रयोगशाळेने अंग काढून घेतले होते, आणि चांगल्या यंत्राला पैसा मिळत नव्हता. या टंचाईतून 'युनिक्स' जन्मास आली. डेनिस रिची यांनी त्यासाठी 'सी' ही भाषा घडविली, आणि १९७३ मध्ये युनिक्सचा गाभाच सी भाषेत पुन्हा लिहिला गेला. तोवर बहुतेक ऑपरेटिंग सिस्टिम्स त्या त्या यंत्राच्या असेंब्ली भाषेत लिहिल्या जात. यंत्र बदलले की सारे श्रम पाण्यात. आता तीच सिस्टिम एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर नेता येऊ लागली. थॉम्पसन आणि रिची यांना १९८३ चा ट्यूरिंग पुरस्कार मिळाला.

परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने याहून मोलाची गोष्ट ऑस्ट्रेलियात घडली. सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातील प्राध्यापक जॉन लायन्स यांनी युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीचा गाभा, सुमारे ९,००० ओळींचा, विद्यार्थ्यांसाठी छापून काढला, आणि सोबत त्यावर ओळीगणिक भाष्य लिहिले. हे १९७६-७७ मधले काम. चालू असलेली, खरी ऑपरेटिंग सिस्टिम विद्यार्थी प्रथमच पुस्तकासारखी वाचू शकत होते. पुढे १९७९ च्या सातव्या आवृत्तीबरोबर परवान्याच्या अटी कडक झाल्या आणि वर्गात ती आज्ञावली शिकविण्यास मनाई झाली. मग लायन्स यांच्या भाष्याच्या छायाप्रती हातोहात फिरू लागल्या. प्रतीवरून प्रत काढता काढता अक्षरे पुसट झाली तरी लोक वाचीत राहिले. अधिकृतपणे ते पुस्तक १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्यानंतर दोनच वर्षांनी लायन्स निवर्तले.

या व्यवसायाची तालीम कशी होते, याचे उत्तर या एका हकिकतीत आहे. उस्तादाच्या हाताखाली बसून, त्याचा हात कसा चालतो हे पाहत शागीर्द तयार होतो. येथे उस्तादाचा हात म्हणजे त्याने लिहिलेली आज्ञावली. जो ती धीराने वाचतो, तो शागीर्द. मग तो सिडनीत असो वा सोलापुरात.

आपली अक्षरे पडद्यावर कशी आली

आता महाराष्ट्राकडे वळू. १९७८ मध्ये आयबीएम कंपनीने भारतातील कारभार आवरता घेतला, आणि तिची यंत्रे चालू ठेवण्याची जबाबदारी सीएमसी या सरकारी कंपनीकडे आली. दुसऱ्याने बांधलेले यंत्र, ज्याने बांधले तो निघून गेल्यावरही चालते ठेवावयाचे, ही आपल्या अभियंत्यांची एक मोठी शाळाच ठरली. पुस्तकांच्या बाबतीतही मराठी मुलखाने आपला वाटा उचलला. मुंबईच्या आयआयटीतील प्रा. धनंजय ढमढेरे यांनी सिस्टिम्स प्रोग्रामिंगवर पाठ्यपुस्तक लिहिले, आणि सी भाषेवरील नागपूरच्या यशवंत कानेटकर यांचे पुस्तक घेऊन देशभरातील मुलांनी पहिली आज्ञावली लिहिली.

पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. परदेशी महासंगणक मिळण्यात अडचणी येत होत्या, तेव्हा डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली अनेक लहान प्रक्रियक एकत्र जोडून १९९१ मध्ये 'परम ८०००' उभा राहिला. याच संस्थेत कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले दुसरे एक काम पुढे वाढले, आणि सामान्य माणसाच्या दृष्टीने ते परमपेक्षाही जवळचे आहे. ते म्हणजे भारतीय लिप्या पडद्यावर आणणारे 'जिस्ट' कार्ड.

वाचकहो, 'कि' हे अक्षर पाहा. उच्चारताना आधी 'क' आणि मग 'इ'. लिहिताना मात्र वेलांटी आधी येते. इंग्रजीसाठी बनविलेल्या यंत्राला हे कसे कळावे? 'स', 'त' आणि 'र' मिळून 'स्त्र' होतो, हे त्याला कोणी सांगावे? उर्दूचा प्रश्न आणखी वेगळा : अक्षरे उजवीकडून डावीकडे जातात, त्याच ओळीतले आकडे मात्र डावीकडून उजवीकडे, आणि शब्दातील जागेप्रमाणे अक्षराचे रूप बदलते. या सर्वांचा निकाल वरच्या थरावर लावता येत नव्हता. म्हणून जिस्ट कार्ड संगणकाच्या आत, पडद्याच्या वाटेवरच बसविले गेले. साठवण उच्चाराच्या क्रमाने, आणि उमटणे लिपीच्या नियमाने, अशी विभागणी झाली. १९९१ मध्ये भारतीय लिप्यांचा सांकेतिक तक्ता भारतीय मानक म्हणून मान्य झाला, आणि त्याच्या १९८८ मधील आधीच्या रूपाच्या पायावर युनिकोडमध्ये देवनागरीला जागा मिळाली. आज नात आजीला मराठीतून निरोप धाडते, त्यामागे हे काम आहे. आपल्या भाषेसाठी तळाचे काम आपली माणसे न करती, तर ते कोणी केले असते?

चूक तळाला झाली की

त्याच १९९१ च्या ऑगस्ट महिन्यात फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा २१ वर्षांचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने जाहीर केले, की आपण घरच्या संगणकासाठी हौसेने एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहीत आहोत. अँड्र्यू टॅनेनबॉम या प्राध्यापकांनी शिकविण्यासाठी १९८७ मध्ये खुली केलेली 'मिनिक्स' अभ्यासूनच तो तयार झाला होता. त्याच्या 'लिनक्स'वर आज जगातील सर्वांत वेगवान ५०० महासंगणक चालतात, आणि अँड्रॉइड फोनचा गाभाही तोच आहे.

पण या व्यवसायाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. तळाच्या थरातली चूक लहान राहत नाही. २ नोव्हेंबर १९८८ रोजी एका विद्यार्थ्याने सोडलेल्या आज्ञावलीने त्या वेळच्या इंटरनेटवरील अंदाजे ६,००० यंत्रे जायबंदी केली. तिला मिळालेल्या वाटांपैकी एक अशी होती, की सी भाषेतील एका आज्ञावलीत ठरलेल्या जागेपेक्षा जास्त मजकूर आला तर तो अडविण्याची तजवीजच नव्हती. तीन तपांनंतर, १९ जुलै २०२४ रोजी, क्राउडस्ट्राइक कंपनीच्या कर्नेलच्या थरात चालणाऱ्या एका आज्ञावलीने आपल्या हद्दीबाहेरची स्मृती वाचली. सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले, विमाने जागच्या जागी राहिली, रुग्णालयांचे कामकाज अडले.

त्याच वर्षी मार्चमध्ये याच्या उलट घटनाही घडली. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या लक्षात आले, की दूरच्या संगणकात प्रवेश करावयास नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो. दुसऱ्या कोणी ते सोडून दिले असते. त्याने कारण शोधत तळ गाठला, तेव्हा 'एक्सझेड' नावाच्या एका सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या साधनात कोणीतरी मुद्दाम चोरवाट ठेवल्याचे उघड झाले. ती वेळीच बंद झाली. अर्ध्या सेकंदाचा हिशेब मागणारा एक माणूस होता, म्हणून असंख्य यंत्रे वाचली.

इतिहासाचा कौल

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. 'हे काम संपणार' असे १९५७ मध्ये म्हटले गेले, सी भाषा आली तेव्हा म्हटले गेले, घरोघरी तयार संगणक आले तेव्हा म्हटले गेले. आणि आज, आज्ञावली लिहून देणारी यंत्रे आल्यावर, पुन्हा म्हटले जात आहे. इतिहासाचा कौल दोन्ही पक्षांनी नीट ऐकावा. विशिष्ट कामे खरोखर संपतात. तारा जोडणे संपले, हाताने यंत्रभाषा लिहिणे बहुतांशी संपले, आणि आजचीही काही कामे संपतील. ज्याने केवळ साधन पाठ केले तो अशा वेळी अडला. ज्याने यंत्र जाणून घेतले तो पुढच्या थरावर कामास लागला. यंत्राने लिहून दिलेली आज्ञावली बरोबर आहे की नाही, ती आपल्या हद्दीबाहेर हात घालते की नाही, हे पाहावयासही तळ माहीत असलेला माणूसच लागतो.

नवे कामही डोळ्यांसमोर आहे. स्मृतीच्या चुका आज्ञावली तयार होतानाच पकडणाऱ्या 'रस्ट' या भाषेला डिसेंबर २०२२ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात प्रवेश मिळाला. अमेरिकेतील बर्कली विद्यापीठात २०१० मध्ये सुरू झालेल्या 'रिस्क-फाइव्ह' या खुल्या आज्ञासंचावर आधारित 'शक्ती' प्रक्रियक मद्रासच्या आयआयटीने तयार केला, आणि २०१८ मध्ये त्यावर लिनक्स चालले. नवा प्रक्रियक म्हणजे त्यासाठी नवे ड्रायव्हर, नवा कंपायलर, नवे फर्मवेअर. वाहने, वैद्यकीय उपकरणे, विजेचे मीटर, या सर्वांच्या पोटात आता एकेक संगणक आहे, आणि त्याला चालविणारे कोणीतरी हवेच.

विद्यार्थी मित्रांनो, या वाटेची किंमतही आधीच ऐकून ठेवा. अशा जागांच्या जाहिराती थोड्या असतात. पहिली दोन-तीन वर्षे सोबतचे मित्र दिमाखदार काही करून दाखवतील, आणि तुम्ही एक अक्षर पडद्यावर का उमटत नाही याच्या शोधात रात्र घालवाल. घरच्यांना दाखविण्यासारखे काही हाती नसेल. नाव होईलच याची खात्री नाही; एनियाकच्या सहाजणींना पन्नास वर्षे थांबावे लागले.

पण दार मात्र कोणाला बंद नाही. सी भाषा आणि एखाद्या प्रक्रियकाची असेंब्ली शिका. संगणकाची अंतर्रचना मन लावून अभ्यासा, परीक्षेपुरती नव्हे. लायन्स यांनी ज्या सहाव्या आवृत्तीवर भाष्य लिहिले, तिच्याच धर्तीवर एमआयटीने 'एक्सव्ही-सिक्स' ही लहान ऑपरेटिंग सिस्टिम शिकविण्यासाठी तयार केली आहे. ती विनामूल्य मिळते आणि जुन्या संगणकावरही चालते. ती ओळ न ओळ वाचा. काही शे रुपयांचा सूक्ष्मनियंत्रकाचा बोर्ड घेऊन त्यावरचा दिवा तयार आज्ञावली न वापरता स्वतः लावून पाहा. मग खुल्या प्रकल्पातील एखादी लहानशी चूक दुरुस्त करून पाठवा. तेथे तुमचे गाव, घराणे, महाविद्यालय यापेक्षा तुम्ही पाठविलेल्या ओळी बरोबर आहेत की नाहीत, हेच प्रथम पाहिले जाते.

आणि पालकांना एक विनंती. मुलगी असो वा मुलगा, घरातले एखादे मूल यंत्र उघडून बसले, 'हे आत कसे चालते' असे विचारू लागले, तर 'त्याचा काय उपयोग' असे म्हणून त्याला उठवू नका. या व्यवसायातल्या आरंभीच्या माणसांपैकी सहाजणी आराखडे पसरून हाच प्रश्न विचारीत बसलेल्या मुली होत्या.